घरातली मारहाण, गल्लीतली भांडणं आणि पोराच्या हातातली सिगारेट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पालकसभा संपली की खुर्च्या उचलेपर्यंत रेंगाळणारी एखादी आई असतेच. बाकीचे गेले की ती विचारते. मुलांचे प्रश्न चिठ्ठीवर येतात आणि बहुतेकांची सुरुवात ‘माझ्या एका मित्राला…’ अशी असते. शाळांमध्ये समुपदेशन करताना पुन्हा पुन्हा समोर आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. कुणाची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

१. मारहाणीचा आणि सिगारेटचा काय संबंध? पोरं मित्रांच्या नादानेच ओढायला लागतात ना?

पहिली सिगारेट बहुतेकदा मित्राच्याच हातून येते, हे खरं. टपरीमागे तिघांत एक, प्रत्येकी चार झुरके, ठसका, हसणं. पण त्या तिघांतला एखादाच दुसऱ्या दिवशी एकटा टपरीवर जातो. तो का गेला, हे मित्रांकडे बघून कळत नाही.

नववीतला एक मुलगा सांगत होता, वडील स्कूटरचं स्टँड कसं लावतात त्या आवाजावरून त्याला कळायचं की आज किती घेतली आहे. एका झटक्यात लागलं तर ठीक. दोन-तीनदा घसरलं की हा वह्या तशाच टाकून गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागे. तिथे पाइपात दडवलेली सिगारेट असायची. त्याच्या मित्रांत दुसरं कुणीही ओढत नव्हतं.

रोज असं कान टवकारून बसावं लागलं की शरीर सतत सावध राहतं. छातीत धडधड, झोप तुटक, अभ्यासात लक्ष नाही. अशा वेळी चार मिनिटांची सुटका देणारी वस्तू सापडली, तर पोर ती धरून ठेवतं. शिवाय जिथे भांडणं असतात तिथून मुलं जास्त वेळ बाहेर काढतात, त्यांच्यावर नजर कमी असते आणि अनेकदा घरातच विड्या-सिगारेटचं पाकीट पडलेलं असतं. या सगळ्या वाटा एकाच टपरीवर येऊन मिळतात.

२. माझ्या मुलाला आम्ही कधी बोटही लावलेलं नाही. मग हे आम्हाला लागू नाही ना?

मुलाला मार बसायलाच हवा असं नाही, त्याने तो पाहिला किंवा ऐकला तरी पुरतं. आईला मारताना बंद दाराआडून येणारा आवाज, मोठ्या भावाला पट्ट्याने झोडपणं, गल्लीत कोयते घेऊन फिरणारी टोळी, शाळेच्या स्वच्छतागृहात रोज होणारी धक्काबुक्की, वर्गासमोर कान पिळून केलेला अपमान, हे सगळं यात धरायचं. कोयत्याचं लोण आता शहरांच्या कडेच्या वस्त्यांपुरतंही राहिलेलं नाही, हे बातम्या वाचणाऱ्यांना सांगायला नको.

‘तो तेव्हा झोपलेला असतो’ हे वाक्य मी इतक्या आयांकडून ऐकलंय! मुलाला विचारलं तर कुठल्या रात्री किती भांडी पडली तेही सांगतो.

३. याला पुरावा काय? सिगारेट ओढणारं प्रत्येक मूल मार खाल्लेलं असतं का?

नाही. सुखवस्तू, प्रेमळ घरातली मुलंही ओढतात, आणि भयंकर घरांतून आलेली कित्येक मुलं सिगारेटला शिवतही नाहीत. हिंसेमुळे धोका वाढतो, एवढाच दावा आहे.

या विषयावरचं सर्वांत गाजलेलं काम अमेरिकेतलं आहे. १९९५ ते १९९७ या काळात सॅन डिएगो इथे कैसर पर्मनंटे या आरोग्यसंस्थेत तपासणीला आलेल्या १७ हजारांहून अधिक प्रौढांना व्हिन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा यांच्या गटाने त्यांच्या बालपणाबद्दल विचारलं. मारहाण, शिवीगाळ, लैंगिक अत्याचार, आईला होणारी मारहाण, घरातलं व्यसन, घरातला मानसिक आजार, आईवडिलांची फारकत, घरातलं कुणी तुरुंगात असणं असे हे अनुभव होते. १९९९ साली त्यांनी धूम्रपानाचा हिशेब स्वतंत्रपणे मांडला. आठांपैकी पाच किंवा अधिक प्रकार वाट्याला आलेल्यांत वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंतच सिगारेट सुरू झालेली असण्याची शक्यता, असा एकही अनुभव नसलेल्यांच्या तुलनेत सुमारे पाचपट होती.

याला मर्यादा आहेत. मोठ्या माणसांनी आठवून सांगितलेलं बालपण आहे, देश दुसरा आहे. पण ‘आपल्याकडे असं नसतं’ म्हणायलाही जागा नाही. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये १३ राज्यांतल्या, त्यात महाराष्ट्रही आला, १२ हजारांहून अधिक मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दर तीन मुलांपैकी दोघांनी मार खाल्ल्याचं सांगितलं आणि घरी मार खाणाऱ्यांपैकी बहुतेकांना मारणारे आईवडीलच होते.

४. सिगारेटने डोकं शांत होतं असं मुलगा म्हणतो. ते खरं आहे की बहाणा?

त्याला तसं वाटतं हे खरं आहे, म्हणून ‘खोटं बोलू नकोस’ म्हणू नका. झुरका घेतल्यावर १०-२० सेकंदांत निकोटिन मेंदूत पोचतं आणि बरं वाटायला लावणारी रसायनं सुटतात. पण दोनेक तासांत रक्तातलं निकोटिन निम्म्यावर येतं. मग चिडचिड, अस्वस्थता, हात चाळवणं सुरू. पुढची सिगारेट ही अस्वस्थता घालवते आणि मुलाला वाटतं, घरच्या ताणावरचा उतारा मिळाला. आग लावणाराच बादली घेऊन येतो, असा हा प्रकार.

किशोरवयात हे जास्त पक्कं बसतं, कारण विचार करून स्वतःला आवरणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो. उलट बाजूही सांगते. २०१४ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २६ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला होता. त्यात सिगारेट सोडलेल्यांची चिंता, उदासी आणि ताण, ओढत राहिलेल्यांच्या मानाने कमी झालेला दिसला.

अजून एक गंमत आहे, ती मुलांना हमखास पटते. सिगारेट ओढताना माणूस खोल श्वास घेतो, थांबतो, सावकाश सोडतो. त्या शांततेतला थोडा वाटा नुसत्या श्वासाचा असतो, आणि तो फुकट मिळतो.

५. महाराष्ट्रात तर तंबाखू-चुना आणि माव्याचाच सुळसुळाट आहे. सिगारेटचाच बाऊ का?

मुद्दा बरोबर आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ जेमतेम ३.८ टक्के निघाले, तर चघळण्याची किंवा मशेरीसारखी तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. पण इथे प्रश्न किशोरवयाचा आहे. २०१९ च्या किशोरांच्या सर्वेक्षणात देशातल्या १३ ते १५ वयाच्या विद्यार्थ्यांपैकी ८.५ टक्के कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू वापरत होते आणि सिगारेट ओढून पाहिलेल्यांपैकी ३८ टक्के मुलांनी ती दहाव्या वाढदिवसाआधीच ओढली होती. पुढची उत्तरं तंबाखूच्या पुडीलाही तितकीच लागू आहेत. पुडीला वास आणि धूर कमी, म्हणून ती उशिरा सापडते, एवढाच फरक.

६. मुलींचं काय? आमच्या घरात मुलगी असं करेल ही कल्पनाच सहन होत नाही.

त्याच २०१९ च्या सर्वेक्षणात कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू वापरणारे मुलगे ९.६ टक्के आणि मुली ७.४ टक्के होत्या. अंतर वाटतं त्याहून बरंच कमी आहे. मुलगी लपवते जास्त, कारण पकडल्यावर तिची शाळा सुटते किंवा लग्नाचं बघायला घेतात. मुलींच्या बाबतीत एक गोष्ट आवर्जून सांगते. तिला सिगारेट देणारा वयाने मोठा, ‘काळजी घेणारा’ मुलगा असेल तर सिगारेट बाजूला ठेवून आधी त्या नात्यात जबरदस्ती, धमकी, फोटोंवरून दबाव आहे का ते बघा. त्याबद्दल तिला एकटीला, दार लावून आणि आवाज न चढवता विचारायचं.

७. दप्तरात सिगारेट सापडली. आता नेमकं काय करू?

त्या क्षणी काहीच करू नका. पाकीट हातात घेऊन दारात उभं राहण्याचा मोह आवरा. रात्र जाऊ द्या.

दुसऱ्या दिवशी शक्यतो चालताना किंवा गाडीवरून जाताना बोला, म्हणजे एकमेकांच्या डोळ्यांत बघावं लागत नाही. सुरुवात ‘तू कधीपासून…’ अशी केलीत की पोलीसचौकी झाली. त्याऐवजी, ‘तुझ्या दप्तरात मला सिगारेट दिसली. मी ओरडणार नाहीये. ओढावीशी वाटते ती वेळ कुठली असते?’ वेळ विचारा, कारण विचारू नका. कारण त्याला धड सांगता येत नाही, वेळ बरोबर सांगता येते. ‘क्लास सुटल्यावर’ हे एक उत्तर आहे. ‘बाबा आल्यावर’ हे वेगळं. ‘गणिताच्या तासाआधी’ हे तिसरंच, आणि तिथे शाळेत कोण काय करतंय ते शोधावं लागतं.

मग गप्प बसा. हे सगळ्यांत अवघड जातं. एका आईने मला सांगितलं, ती मुलाबरोबर सोसायटीला पाच फेऱ्या मारून आली, तो एक शब्द बोलला नाही. सहाव्या फेरीला म्हणाला, ‘आई, तू त्यांना सोडून का जात नाहीस?’ ती विचारायला गेली होती सिगारेटचं.

अंगावर बारीक गोल चटक्यांचे डाग दिसले तर मात्र थांबू नका. ते दुसऱ्या कुणी दिलेले असू शकतात किंवा त्याने स्वतःच घेतलेले. दोन्हींसाठी त्याच आठवड्यात डॉक्टर आणि समुपदेशक हवेत (फोन नंबर प्रश्न १० मध्ये).

८. आमच्या वेळी दोन कानाखाली बसल्या की सगळं सुटायचं. ‘छडी लागे छमछम’ म्हणतात ते उगीच का?

सुटायचं नाही, लपायचं. पेरूची पानं चघळणं, बडीशेप, बोटांना सॅनिटायझर चोळणं या युक्त्या मारातूनच जन्मतात. प्रश्न १ आणि ४ वाचले असतील तर हिशेब सरळ आहे. ज्या भीतीवर तो सिगारेट ओढतोय, तीच भीती तुम्ही आणखी दोन कानाखाली देऊन वाढवताय. तिसऱ्या दिवशी तो ओढेल, फक्त लांबच्या टपरीवर.

शिक्षकांसाठी तर कायदाही स्पष्ट आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ प्रमाणे शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई आहे.

याचा अर्थ काहीच बोलू नये असा नाही. घरात सिगारेट चालणार नाही, पैशांचा हिशेब द्यावा लागेल, क्लासनंतर थेट घरी यायचं, हे नियम ठामपणे लावता येतात. ठाम राहायला हात उचलावा लागत नाही.

९. मी १६ वर्षांचा आहे. घरी रोज राडा असतो. सोडायची आहे, पण भांडण सुरू झालं की राहवत नाही.

सोडायची आहे हे तू लिहिलंस, इथून सुरू करू. आठवडाभर फक्त वेळ लिहून काढ. बहुतेकांची एक-दोन धोक्याची वेळ निघते, समज रात्री ९ ते ११. त्या वेळेपुरती जागा बदल. गल्लीतली अभ्यासिका, आत्याचं घर, वरच्या मजल्यावरच्या काकूंची बाहेरची खोली, काहीही. टपरीवरून न जाणारा रस्ता धर. सुट्टी सिगारेट विकत घेण्याइतके पैसे खिशात ठेवू नकोस.

तलफ आली की दहा मिनिटं पुढे ढकल. तोंडावर गार पाणी मार, चार आकडे मोजत श्वास घे, सहा-सात मोजत सोड. तलफेची लाट बहुतेक वेळा काही मिनिटांत ओसरते. पहिले दोन-तीन दिवस सगळ्यांत वाईट असतात, तीन-चार आठवड्यांत बरंच निवळतं. मध्ये एखादी ओढलीस तर ‘झालं, संपलं’ म्हणू नकोस, मोजणी पुढे चालू ठेव. निकोटिनचं च्युइंगम औषधाच्या दुकानात मिळतं, पण १८ च्या आत ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नकोस.

आणि घरचा राडा थांबवणं ही तुझी जबाबदारी नाही. मध्ये पडू नकोस. आईला किंवा तुला मार बसत असेल तर बाहेर पड आणि खालच्यापैकी एक नंबर लाव.

१०. फोन करायचा तर कुठे? घरी कळेल का?

१०९८ हा १८ वर्षांखालच्या मुलांसाठीचा मोफत क्रमांक, दिवसरात्र चालू. मारहाण, अत्याचार, घरातून पळून जावंसं वाटणं, कशासाठीही. जीवावर बेतलं असेल तर ११२. मन फार खचलं असेल, स्वतःला इजा करावीशी वाटत असेल तर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी मदतवाहिनी, १४४१६, मराठीत बोलता येतं. तंबाखू-सिगारेट सोडण्यासाठी राष्ट्रीय मदतवाहिनी १८००-११-२३५६. सरकारी रुग्णालयांत किशोरांसाठी ‘मैत्री क्लिनिक’ असतं. बाहेर पाटी नसेल तर केसपेपरच्या खिडकीवर विचारा.

सिगारेट ओढतोस ही गोष्ट समुपदेशक उगाच घरी सांगत नाही. पण तुझ्या जिवाला धोका असेल तर गप्प राहता येत नाही, आणि लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर पॉक्सो कायद्याप्रमाणे ती कळवावीच लागते. मी हे पहिल्याच भेटीत सांगते. काही मुलं ऐकून उठून जातात. बरीचशी दोन आठवड्यांनी परत येतात.

११. मी वर्गशिक्षिका आहे. मुलाच्या शर्टाला वास येतो. पालकांना बोलवायचं ना?

बोलवायचं, पण कुणाला ते आधी ठरवा. डायरीत ‘वडिलांनी भेटावे’ लिहिण्यापूर्वी मुलाला विचारा, ‘घरी कळलं तर काय होईल?’ ‘ओरडतील’ म्हणाला तर चिंता नाही. मान खाली गेली, किंवा ‘मॅडम, काहीही करा पण बाबांना नको’ म्हणाला, तर वडिलांना ती चिठ्ठी पाठवणं म्हणजे मार पार्सल करणं. आईला, आजीला, मामाला बोलवा. गंभीर मारहाणीचा संशय असेल तर मुख्याध्यापकांमार्फत १०९८ किंवा जिल्ह्याच्या बालकल्याण समितीला कळवा.

शाळेतून काढून टाकणं हा उपाय नव्हे. अशा मुलासाठी शाळा ही दिवसातली सहा तासांची सुरक्षित जागा असते.

१२. शाळेजवळचा टपरीवाला पोरांना सुट्टी सिगारेट देतो. काही करता येतं का?

बरंच. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याच्या, म्हणजे कोटपाच्या, कलम ६ प्रमाणे १८ वर्षांखालच्यांना तंबाखूजन्य पदार्थ विकायला आणि शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या आत (साधारण ९१ मीटर) विक्रीला बंदी आहे. दंड फक्त २०० रुपयांपर्यंत, म्हणून कुणी घाबरत नाही. पण बाल न्याय कायदा, २०१५ चं कलम ७७ दाखवा. मुलाला तंबाखूजन्य पदार्थ देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. त्याशिवाय महाराष्ट्रात सप्टेंबर २०२० पासून सुट्ट्या सिगारेटी आणि विड्या विकायलाच बंदी आहे. ही बंदी दोरीला लटकणाऱ्या लायटरच्या साक्षीने रोज मोडली जाते. तक्रार एकट्याने करू नका. शाळा व्यवस्थापन समितीच्या शिक्क्यानिशी पोलीस ठाण्यात द्या.

ही कलमं विकणाऱ्यासाठी आहेत. ओढणाऱ्या मुलाला त्यात गुन्हेगार ठरवलेलं नाही. आणि हो, ‘बाळ्या, जा रे, दोन घेऊन ये’ म्हणून पोराला टपरीवर पाठवणाऱ्या बाबांनीही हे उत्तर वाचावं.

१३. तो म्हणतो, ‘ही सिगारेट नाही, व्हेप आहे, नुसती वाफ.’

बहुतेक व्हेपमध्ये निकोटिन असतं, तेव्हा प्रश्न ४ जसाच्या तसा लागू. भारतात ई-सिगारेटचं उत्पादन, विक्री, साठवण, जाहिरात २०१९ च्या कायद्याने बंद आहे. म्हणजे ती ज्याने दिली तो चोरटा माल विकतोय.

१४. नवरा मारतो आणि स्वतः सिगारेट ओढतो. मुलाला मी कुठल्या तोंडाने नको म्हणू?

ताई, तुमच्या तोंडाने म्हणा, त्यात खोट नाही. मुलाला दोन वाक्यं वेगवेगळी सांगा. ‘बाबा ओढतात, त्यांना सोडता येत नाहीये.’ आणि ‘बाबा मारतात ते चूक आहे, ते तुझ्यामुळे नाही.’ दुसरं वाक्य कित्येक मुलांना कुणीच कधी सांगितलेलं नसतं.

तुमच्यासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा आहे. जिल्ह्यात संरक्षण अधिकारी असतात. पोलीस तक्रार न करताही त्यांच्याकडे जाता येतं, राहत्या घरात राहण्याचा आदेश मिळू शकतो आणि मुलांचा तात्पुरता ताबाही मागता येतो. महिलांसाठी १८१ हा क्रमांक आहे. घर सोडायचंच असेल तर रागाच्या भरात नको. आधार कार्ड, मुलांचे दाखले, थोडे पैसे आधी माहेरी किंवा शेजारी नेऊन ठेवा.

१५. वडील वर्षभरापूर्वीच वेगळे झाले. घर आता शांत आहे. मग पोरगा अजून का ओढतो?

कारण घर शांत झालं तरी शरीराला ते कळायला वेळ लागतो. कुकरची शिट्टी झाली तरी दचकणारी मुलं मी पाहिली आहेत. वर निकोटिनची सवय स्वतःच्या पायावर उभी राहिलेली असते, तिला आता भांडणाची गरज उरत नाही. आणि विचित्र वाटेल, पण काही मुलांना वडिलांची आठवणही येते. मारणाऱ्या बापाचीसुद्धा. सिगारेटचा वास हाच बापाचा वास असेल तर गुंता आणखी वाढतो. इथे दोन कामं वेगवेगळी करावी लागतात, तलफेवर (प्रश्न ९) आणि जुन्या भीतीवर. दुसऱ्यासाठी प्रशिक्षित समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ हवा, नुसतं ‘आता सगळं छान आहे ना’ म्हणून भागत नाही.

१६. सिगारेट सोडल्यापासून मुलगा अंगावर धावून येतो. बापासारखाच होतोय का? त्यापेक्षा ओढत होता ते बरं होतं असं वाटतं.

पहिल्या तीन-चार आठवड्यांतली चिडचिड बहुतेकदा निकोटिन तुटल्याची असते. या दिवसांत मोठे विषय काढू नका. दहावीचं वेळापत्रक महिनाभर थांबतं. जेवणाच्या वेळा सांभाळा, त्याला झोपू द्या, तो दार आपटून गेला तर मागे जाऊ नका.

पण त्याने खरोखर हात उचलला, तर ‘सिगारेट सोडतोय बिचारा’ म्हणून सोडून देऊ नका. त्याच वेळी खोलीबाहेर पडा आणि तो शांत झाल्यावर स्पष्ट सांगा, या घरात कुणीही कुणाला मारणार नाही, तूही नाही. महिन्यानंतरही तसंच चालू असेल तर ती तलफ नव्हे. मैत्री क्लिनिकमध्ये किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या आणि जाताना ‘तू बापावर गेलास’ हे वाक्य घरी ठेवून जा. माझ्यासमोर बसलेल्या मुलांनी सगळ्यांत जास्त वेळा रडत सांगितलेलं वाक्य तेच आहे.